खिन्न दिवसांची दिनचर्या : म्हैसूरच्या संदर्भात एक अभ्यास

म्हैसूर येथे राहणारे कादंबरीकार आर. के. नारायण यांच्या पत्नी राजम यांचे १९३९ मध्ये विषमज्वराने निधन झाले. विवाहाला काही मोजकी वर्षे लोटली होती, घरात तीन वर्षांच्या आसपासची मुलगी होती आणि नारायण यांनी स्वतः वयाची पस्तिशीही गाठलेली नव्हती. त्यापूर्वीच्या चार वर्षांत त्यांच्या तीन कादंबऱ्या प्रकाशित झाल्या होत्या. चौथी, ‘द इंग्लिश टीचर’, प्रसिद्ध होण्यास मात्र १९४५ साल उजाडावे लागले. या कादंबरीतील शिक्षकाची पत्नीही विषमज्वरानेच जाते आणि मागे लहान मुलगी उरते. १९७४ मध्ये आलेल्या ‘माय डेज’ या आत्मकथनात नारायण यांनी त्या काळातील आपल्या मनःस्थितीविषयी मोकळेपणाने लिहिले आहे. मृत पत्नीशी संपर्क साधण्याचे आपले प्रयत्नही त्यांनी लपवून ठेवलेले नाहीत.

बाहेरून पाहणाऱ्याला या वर्षांत जे दिसते, ते अगदी साधे आहे. एकत्र कुटुंबात राहून मुलीचे संगोपन चालले होते. लहान कथा लिहून होत होत्या. म्हैसूरच्या रस्त्यांतून पायी हिंडणे आणि भेटेल त्या माणसाशी बोलत उभे राहणे ही त्यांची सवय होती. १९४१ मध्ये त्यांनी ‘इंडियन थॉट’ नावाचे त्रैमासिक काढले. ते फार काळ चालले नाही. परंतु त्रैमासिक म्हटले की मजकूर गोळा करणे आले, मुद्रिते तपासणे आले, छापखान्यात खेटे घालणे आले आणि ठरलेली तारीखही आली. या दिनचर्येनेच नारायण सावरले, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. माणूस कशाने सावरतो, हे पुष्कळदा त्याचे त्यालाही सांगता येत नाही. तथापि, खिन्न मनाने ग्रासलेल्या माणसाला आजचे मानसशास्त्र जे सुचविते, त्याचे बहुतेक घटक या साध्या क्रमात उपस्थित आहेत, हे नमूद केले पाहिजे.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच क्रम होय. उदास आणि चिंताग्रस्त दिवसांत सामान्य माणसाने स्वतःची काळजी कशी घ्यावी, त्यामागे कोणती कारणमीमांसा आहे आणि या उपायांची मर्यादा कोठे येते, याचा विचार म्हैसूर शहराच्या आधारे येथे केला आहे. या शहराच्या निवडीला कारण आहे. भारतातील आधुनिक योगशिक्षणाचे एक महत्त्वाचे केंद्र म्हैसूर होते. म्हैसूर विद्यापीठातील मानसशास्त्राचा विभाग १९२४ पासूनचा, म्हणजे देशातील अगदी आरंभीच्या विभागांपैकी एक आहे. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेचे एक मूळही म्हैसूर संस्थानाने तेथे चालविलेल्या मनोरुग्णालयात आहे.

‘करमत नाही’ म्हणजे नेमके काय?

मनाच्या अशा अवस्थांसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. करमत नाही, मन लागत नाही, मरगळ आली आहे, हुरहूर वाटते, जिवाची घालमेल होते, धास्ती बसली आहे, असे आपण सहज बोलून जातो. हे शब्द एकमेकांचे पर्याय नव्हेत. ‘करमत नाही’ हे बहुधा जागेविषयी आणि माणसांविषयी असते. ‘मन लागत नाही’ हे कामाविषयी असते. ‘मरगळ’ शरीराची असते. ‘धास्ती’ उद्याची असते. कोणता शब्द ओठांवर येतो, याकडे लक्ष दिले तर उपाय कोठे शोधावा, याची दिशा मिळते. ज्याला करमत नाही त्याला माणसे हवी असतात. ज्याला धास्ती आहे त्याला भीतीचे कारण कागदावर मांडण्याचा अधिक उपयोग होतो. याउलट ‘नैराश्य’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. निवडणूक हरलेल्या उमेदवारालाही वृत्तपत्रे नैराश्य आणतात. त्यामुळे आजाराच्या अर्थाने असलेल्या नैराश्याचे गांभीर्य मात्र झाकले जाते.

हे गांभीर्य आकड्यांत पाहता येते. निम्हान्सने बारा राज्यांत केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १०.६ टक्के प्रौढ व्यक्ती त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त होत्या. निरनिराळ्या विकारांत उपचारांपर्यंत न पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के इतके होते. यांतील अनेक रुग्ण डॉक्टरांकडे जातात, पण मनाची तक्रार घेऊन जात नाहीत. डोके जड आहे, छातीत धडधडते, अन्नावर वासना नाही, पहाटे तीनला जाग येते, असे ते सांगतात आणि शक्तीच्या गोळ्या घेऊन परततात.

दोन-चार दिवस उदास वाटणे हा विकार नव्हे. परीक्षा, बदली, आजारपण, कर्ज, मुलीचे लग्न, नोकरीतील अनिश्चितता यांनी मन बेचैन होणे स्वाभाविक आहे. या लेखातील उपाय प्रामुख्याने अशा दिवसांसाठी आहेत. उपचार चालू असलेल्या व्यक्तीलाही ते पूरक ठरतात.

आधी कृती, मग इच्छा

मन खिन्न झाले की माणूस सर्वप्रथम अशा गोष्टी सोडतो, ज्या सोडल्याने कोणाचे अडत नाही. सकाळचे फिरणे बंद होते. मित्राला करावयाचा दूरध्वनी राहून जातो. कुंड्यांना पाणी घालणे दुसऱ्यावर सोपविले जाते. ‘बरे वाटू लागले की पुन्हा सुरू करू,’ असे तो स्वतःला सांगतो. अडचण अशी की, बरे वाटण्याचे लहान लहान झरे याच गोष्टींत होते. ते आटले की मन आणखी खालावते, आणि मन खालावले की आणखी काही गोष्टी सुटतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी १९७० च्या दशकात या चक्राची मांडणी केली आणि त्यातून कृतिशीलतेवर आधारित उपचारपद्धती पुढे विकसित झाली. तिचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : इच्छा होण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी ठरलेली लहानशी कृती करावी, इच्छा पुष्कळदा मागाहून येते.

हे करण्याची रीत अशी. प्रथम एक आठवडा साध्या वहीत दिवसाच्या प्रत्येक भागात आपण काय केले आणि त्या वेळी मन कसे होते, हे शून्य ते दहा या मापाने लिहून ठेवावे. दिवसभर सारखेच वाईट वाटते, असा ज्याचा समज असतो, त्याला आठवड्याअखेरीस वही वेगळे सांगते. भाजी आणायला गेल्यावर दोनाचे चार झालेले असतात; दुपारी अंथरुणावर मोबाईल पाहत पडल्यावर चाराचा एक झालेला असतो. मग पुढच्या आठवड्यासाठी दोन प्रकारच्या कृती निवडाव्यात. एक, ज्यात पूर्वी आनंद वाटत असे. आणि दुसरी, जी केल्यावर आपल्या हातून काही झाले असे वाटते. हा दुसरा प्रकार अनेकदा विसरला जातो. गाणे ऐकणे सुखद खरे, परंतु साचलेल्या कागदांपैकी विजेचे देयक भरून टाकल्याने मिळणारी निवांतता वेगळीच असते.

कृती लहान असावी, याविषयी जितके सांगावे तितके थोडे. कपाट आवरायचे नसून एक कप्पा आवरायचा आहे. रोज पाच किलोमीटर चालायचे नसून चपला घालून कोपऱ्यापर्यंत जायचे आहे. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी दहा संकल्पांची यादी करणारा माणूस तिसऱ्या दिवशी त्या यादीकडे पाहून अधिकच खचतो. शिवाय कृतीची वेळ घड्याळाशी बांधावी. ‘सकाळी कधीतरी’ असे ठरविले की ते राहून जाते. ‘सात वाजता, दूध घेतल्यावर’ असे ठरविले की ते होण्याची शक्यता वाढते.

गोव्यातील प्रयोग

ही पद्धत आपल्याकडील प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मनोविकारतज्ज्ञ उपलब्ध नसताना, चालेल काय, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर आपल्या शेजारच्या गोव्याने दिले. ‘संगत’ या संस्थेने तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर एक चाचणी केली. कृतिशीलतेवर आधारलेले समुपदेशन मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, परंतु प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक व्यक्तींनी केले. प्रत्येक रुग्णासाठी साधारणतः सहा ते आठ बैठका योजल्या होत्या. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्याच्या लक्षणांतून बाहेर आले होते. केवळ केंद्रातील नेहमीची, किंचित सुधारलेली सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते.

हा फरक लहान नाही. त्याचबरोबर, समुपदेशन मिळूनही तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोक तीन महिन्यांत बरे झाले नव्हते, हेही ध्यानात ठेवावे. दिनचर्येचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा ही दोन्ही याच आकड्यांत आहेत. आणखी एक बाब अशी की, या रुग्णांना कोणीतरी नियमितपणे भेटत होते आणि मागील आठवड्यात काय जमले, हे आपुलकीने विचारत होते. घरातील एखाद्या व्यक्तीने, मित्राने किंवा शेजाऱ्याने हे विचारण्याचे काम पत्करल्यास एकट्याने वही लिहिण्यापेक्षा ते अधिक फलदायी ठरेल.

चालण्याजोगे शहर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगने म्हैसूरला ग्रासले होते. त्यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभी संस्थानाने शहर सुधारणेसाठी स्वतंत्र मंडळ नेमले. रुंद रस्ते, हवेशीर वसाहती आणि उद्याने ही त्या काळातील नियोजनाची देणगी होय. रोगाच्या भीतीने आखलेले ते रस्ते आज मनाच्याही उपयोगी पडत आहेत. कुक्करहळ्ळी तलावाच्या काठाने पहाटे आणि सायंकाळी फिरणाऱ्यांची रीघ असते. चामुंडी टेकडीच्या सुमारे हजार पायऱ्या काही जण नवसासाठी चढतात, तर काही जण केवळ घाम गाळण्यासाठी. पायऱ्यांना दोन्ही सारखेच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम शारीरिक श्रमाची शिफारस केली. हा आकडा पाहून दडपून जाण्याचे कारण नाही. अनेक देशांतील पाहण्यांचे एकत्रित विश्लेषण २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. शिफारशीच्या निम्मे श्रम करणाऱ्यांतही नैराश्याचा धोका मुळीच हालचाल न करणाऱ्यांपेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी कमी आढळला. म्हणजे रोज दहा-बारा मिनिटे झपाझप चालणेही व्यर्थ जात नाही. सकाळच्या उजेडात चालल्यास झोपेचे घड्याळ सुधारते, हा आणखी एक लाभ.

म्हैसूरमध्ये शिक्षण, संशोधन आणि माहिती तंत्रज्ञानाचे प्रशिक्षण यांसाठी महाराष्ट्रातून तरुण-तरुणी येत असतात. नांदेड, जळगाव, सांगलीसारख्या जिल्ह्यांतून प्रथमच घर सोडून आलेल्या मुलामुलींना इथली स्वच्छता आवडते, सांबार चालते, परंतु करमत नाही. भाषा कानावर पडते, पण कळत नाही. चाचणी परीक्षांची टांगती तलवार असते. खोलीत बसून घरी तासन्‌तास बोलत राहणे हा त्यांना सर्वांत जवळचा उपाय वाटतो. घरी बोलावेच, मात्र सर्व वेळ तिकडे गेला तर या शहराशी ओळख व्हायची राहून जाते. रोज त्याच वेळी त्याच तलावावर जाणाऱ्याला पंधरवड्यात चार चेहरे ओळखीचे होतात. हॉटेलातील माणूस न सांगता कॉफी पुढे करू लागतो. ‘ऊट आयता?’ म्हणजे ‘जेवण झाले का?’ या कन्नड प्रश्नाला ‘आयतु’ असे उत्तर देता आले की गाव किंचित आपले वाटू लागते. मैत्रीइतके हे गाढ नसते, पण उदास दिवशी त्याचाही आधार असतो.

माणसाचा आवाज घरात असणे, याचेही मोल आहे. येथे एका गोष्टीचा उल्लेख करण्याचा मोह आवरत नाही. म्हैसूर विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये आपल्या राहत्या घरातून एक खाजगी नभोवाणी केंद्र सुरू केले आणि त्याला ‘आकाशवाणी’ हे नाव दिले. पुढे देशाच्या नभोवाणीने तेच नाव स्वीकारले. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना सकाळी रेडिओ लावल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही, हे आपण घरोघरी पाहतो. ठरलेल्या वेळी येणारा ओळखीचा आवाज दिवसाला खुंट्या ठोकून देतो. सतत वाईट बातम्यांचा मारा करणारा दूरदर्शन संच किंवा मोबाईल मात्र हे काम करीत नाही, उलट धास्ती वाढवितो.

राजवाड्यातील योगशाळा

महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या आश्रयाने तिरुमलै कृष्णम्माचार्य यांनी १९३३ मध्ये म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात योगशाळा सुरू केली. त्यांच्या शिष्यांपैकी बी. के. एस. अय्यंगार हे लहानपणी हिवताप, विषमज्वर आणि क्षय यांनी जर्जर झालेले होते. १९३७ मध्ये ते योग शिकविण्यासाठी पुण्यास आले आणि कायमचे पुणेकर झाले. महाराष्ट्रात लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्येच कैवल्यधामाची स्थापना करून योगक्रियांचा शास्त्रीय उपकरणांच्या साह्याने अभ्यास आरंभिला होता. म्हैसूर आणि महाराष्ट्र यांचा हा योगसंबंध असा जुना आहे.

पतंजलीच्या योगसूत्रांत विक्षिप्त चित्ताचे सोबती सांगताना दुःख आणि खिन्नता यांबरोबरच अंगाचा कंप आणि विस्कळीत श्वास यांचीही गणना केली आहे. मन, शरीर आणि श्वास एकमेकांत गुंतलेले आहेत, हे निरीक्षण आजच्या शरीरशास्त्राशी जुळणारे आहे. भीतीच्या क्षणी श्वास उथळ आणि जलद होतो, हृदयाचे ठोके वाढतात, आणि ते ठोके जाणवून भीती आणखी वाढते. विचारांना आज्ञा करून थांबविता येत नाही. श्वासाची गती मात्र काही अंशी आपल्या हाती असते. म्हणून सुरुवात तेथून करावी. पाठ टेकून बसावे, मनात चार अंक मोजत नाकाने श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजत सावकाश सोडावा. असे पाच मिनिटे करावे. श्वास रोखून धरू नये. चक्कर आल्यास थांबावे. कपालभातीसारख्या जोरकस क्रिया गर्भवती स्त्रियांनी, हृदयविकार वा उच्च रक्तदाब असलेल्यांनी स्वतःच्या मनाने करू नयेत. हा सराव शांत दिवसांत करून ठेवलेला असेल तरच वादळाच्या दिवशी हाताशी येतो, असे अनुभवी शिक्षक सांगतात, ते योग्यच आहे.

अचानक छातीत धडधड, घाम, गुदमरल्याची भावना आणि ‘आता मी मरतो’ अशी भीती यांचा झटका काहींना येतो. तो बहुधा दहा मिनिटांत कळसाला पोहोचून ओसरू लागतो. तथापि, छातीत दुखण्याचा असा प्रसंग प्रथमच आला असेल तर ‘मनाचा खेळ आहे’ असे गृहीत न धरता तातडीने वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

झोप, कॉफी आणि चिंतेची वही

झोपेविषयी लोक झोपण्याची वेळ ठरवितात. वस्तुतः उठण्याची वेळ ठरविणे अधिक परिणामकारक असते, कारण झोप आणणे आपल्या हाती नाही, उठणे आहे. रात्र वाईट गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळी उठावे आणि दुपारी लांबलचक झोप घेऊ नये. अंथरुणावर पडून वीसएक मिनिटांत झोप आली नाही तर उठून मंद प्रकाशात काही कंटाळवाणे वाचावे आणि झोप येऊ लागताच परत जावे. अंथरुणाची आणि काळजीची सांगड मनात पक्की होऊ नये, हा यामागील हेतू.

म्हैसूरमध्ये कॉफीविरुद्ध लिहिणे म्हणजे संकट ओढवून घेणे होय, आणि नारायण यांच्यासारख्या कॉफीच्या निस्सीम भक्तालाही ते रुचले नसते. तरीही सांगितले पाहिजे. कॉफीतील कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जाण्यास सरासरी पाच तास लागतात. सायंकाळी पाच वाजता घेतलेल्या फिल्टर कॉफीचा निम्मा अंश रात्री दहाला रक्तात असतो. ज्यांना धडधड आणि निद्रानाश आहे, त्यांनी दुपारनंतरची कॉफी दोन आठवडे थांबवून पाहावी. महाराष्ट्रात हेच कडक चहाला लागू आहे. मद्याबद्दल तर दुमत नाही. त्याने झोप लवकर लागते, पण मध्यरात्री मोडते आणि दुसऱ्या दिवशीची उदासी वाढते.

दिवसभर मनात घोळणाऱ्या काळजीसाठी एक साधी युक्ती आहे. सायंकाळी, झोपेच्या बऱ्याच आधी, पंधरा-वीस मिनिटे काळजीसाठीच राखून ठेवावीत. इतर वेळी काळजी डोकावली की तिला ‘साडेसहा वाजता’ असे सांगून वहीत एका ओळीत नोंद करावी. साडेसहाला वही उघडून प्रत्येक नोंदीपुढे लिहावे : उद्या यावर काही करता येईल काय? ‘हप्ता कसा भरणार’ यावर उद्या बँकेत जाऊन मुदतीबद्दल विचारता येते. ‘मुलाचे पुढे कसे होणार’ यावर उद्या काहीच करता येत नाही. पहिल्या प्रकाराचे रूपांतर कामात होते. दुसरा प्रकार तेवढ्याने संपत नाही, पण त्याला दिवसाचे सर्व तास द्यावे लागत नाहीत.

वेळ कोणाजवळ आहे?

येथपर्यंतचे विवेचन वाचून एखादी गृहिणी म्हणेल की, हे सर्व ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी आहे. तिचे म्हणणे रास्त आहे. म्हैसूरची अगरबत्ती देशभर जाते. हा उद्योग पिढ्यानपिढ्या घरात बसून काड्यांवर मसाला वळणाऱ्या स्त्रियांच्या हातांवर उभा राहिला, आणि मजुरी नगावर मिळत आली. यंत्रे आल्यापासून हे काम बदलले असले तरी घरबसल्या नगावर काम करणाऱ्या स्त्रीची स्थिती सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांना चांगली ठाऊक आहे. जी बाई फिरायला अर्धा तास गेली तिची तेवढ्या वेळाची मजुरी बुडते, आणि घरकाम तसेच वाट पाहत राहते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात, तर पुरुष ८८ मिनिटे. दोहोंतील तफावत तीन तासांहून अधिक आहे.

अशा स्त्रीला ‘स्वतःसाठी वेळ काढा’ असे सांगणे म्हणजे तिच्या कामांच्या यादीत आणखी एका कामाची भर घालणे होय. प्रस्तुत लेखकाच्या मते, स्वतःची काळजी हा विषय घरातील श्रमविभागणीपासून तोडून मांडता येत नाही. घरातील पुरुषाने सायंकाळचा स्वयंपाक वा मुलांचा अभ्यास आठवड्यातून तीन दिवस पत्करला, तर त्या घरातील एका व्यक्तीच्या मानसिक आरोग्यासाठी तो प्रत्यक्ष उपाय ठरेल. बचत गटाची बैठक हाही मोठा आधार आहे. बैठकीचे कारण हिशेब असते, म्हणून तिला घरातून आडकाठी होत नाही; आणि हिशेबानंतरची पंधरा मिनिटे सुखदुःख बोलण्यात जातात, ती वाया जात नाहीत. नगरपालिकांनीही तलावाकाठचा दिवा आणि उद्यानातील स्वच्छतागृह यांकडे याच दृष्टीने पाहावे. अंधारात आणि सोयीविना स्त्रिया फिरायला येणार नाहीत.

घरगुती उपाय कोठे थांबतात?

उदासी किंवा कशातही रस न वाटणे ही स्थिती बहुतेक दिवस, दिवसाचा बहुतांश वेळ, सलग दोन आठवडे टिकली. झोप, भूक, एकाग्रता बिघडली. रोजची कामे होईनाशी झाली, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये. बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत आणि वृद्धापकाळी विशेष लक्ष ठेवावे. थायरॉईडचा विकार, रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांमुळेही अशीच मरगळ येते. रक्ततपासणीने ते कळते. नैराश्यावरील औषधांचा गुण दिसण्यास दोन ते सहा आठवडे लागू शकतात. पहिल्या आठवड्यात फरक नाही म्हणून, किंवा बरे वाटू लागले म्हणून, ती आपल्या मनाने बंद करणे धोक्याचे असते.

जगणे नकोसे झाल्याचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबण्याचा प्रश्नच नाही. त्याच दिवशी कोणाला तरी सांगावे आणि मदत मिळवावी. आप्तांना शंका आल्यास त्यांनी सरळ विचारावे. विचारल्याने असा विचार मनात रुजतो, हा समज चुकीचा आहे. विचारल्याने बहुधा मोकळे होण्याची वाट मिळते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिची काळजी घेणे व पुनर्वसन करणे हे शासनाचे कर्तव्य ठरते.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला. कर्नाटकातीलच बळ्ळारी जिल्ह्यात निम्हान्सने केलेल्या प्रयोगाच्या धर्तीवर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आकारास आला. त्याअन्वये जिल्हा रुग्णालयांत बाह्यरुग्ण सेवा, समुपदेशन आणि औषधे देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाने ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६ असून ती चोवीस तास आणि निःशुल्क उपलब्ध आहे. दूरध्वनी करणाऱ्याला आपली भाषा निवडता येते आणि त्या भाषांत मराठीही आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्रात वा या क्रमांकावर बोलताना काय सांगावे, याचा अनेकांना संकोच वाटतो. किती दिवसांपासून असे होत आहे, झोप किती तास लागते, कोणती कामे पूर्वी होत होती आणि आता होत नाहीत, कोणती औषधे चालू आहेत आणि जीव नकोसा वाटतो काय, एवढे सांगितले तरी समोरच्याला पुरेशी माहिती मिळते. आठवडाभर लिहिलेली ती वही सोबत असल्यास काम आणखी सोपे होते.